डाव्या पानांवरचं एकच गणित

"आदरणीय मॅडम, मी पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो. चौदा वर्षं झाली. शाळा अंशतः अनुदानित आहे, आम्ही अजून सरकारी पगाराच्या चाळीस टक्क्यांवरच. यंदा माझ्या दहावीच्या वर्गातली ४६ पैकी ९ मुलं गणितात गेली. मागच्या वर्षी तीनच होती. मी एक वही ठेवतो. वर्गात जे जमलं ते उजव्या पानावर, जे फसलं ते डाव्या पानावर. काही पानांचे फोटो सोबत पाठवतोय. निकालानंतर ही वही सुरुवातीपासून वाचली आणि झोपच उडाली. डावी पानं गच्च भरलेली, उजवी अर्धी कोरी. वाटलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत हीसुद्धा जाळायला देऊन टाकावी. एका क्लासवाल्यांनी दीडपट पगारावर बोलावलंय. मी शिक्षक म्हणून नापास झालो का? क्लासमध्ये जाऊ का?"
एक गणित शिक्षक, नागपूर

सर,

वही जाळू नका. मारबतीला 'घेऊन जा' म्हणायचं ते इडापीडेला, रोगराईला. तुमच्या डाव्या पानांवर पीडा थोडी आहे आणि माहिती खूप.

पत्र मी दोनदा वाचलं, वहीची पानं चारदा. पहिल्यांदा वाचताना सवयीप्रमाणे तुम्हाला धीर देणारी वाक्यंच सुचत होती. "शिक्षकाच्या हातात सगळं नसतं" वगैरे. मग म्हटलं, हे तर तुमचे मुख्याध्यापकही म्हणाले असतील आणि त्याने काही झोप आली नाही. म्हणून पानं पुन्हा काढली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. उजव्या पानावर तुम्ही लिहिता, "निर्देशक भूमिती. वर्ग खूश. सगळ्यांना समजलं." झालं. डाव्या पानावर मात्र तारीख असते, तास असतो, हजेरी क्रमांक असतो, मुलाने फळ्यावर काय लिहिलं ते असतं, तुम्ही काय बोललात तेही असतं. यश एका ओळीत आणि कोणाच्याच नावावर नाही. अपयशाचा मात्र रीतसर पंचनामा.

तुम्हाला वाटतंय, डावी पानं जास्त म्हणून तुम्ही वाईट शिक्षक. मला उलट तुमच्या उजव्या पानांची काळजी वाटते.

त्या निर्देशक भूमितीचंच घ्या. झिरो माईलचा दगड आरंभबिंदू धरून नागपूरचा नकाशा फळ्यावर काढायचा, इतवारी धन बाजूला, अंबाझरी ऋण बाजूला, सक्करदऱ्याचे निर्देशक मुलांनी सांगायचे. वा! मला असं कोणी शिकवलं असतं तर मी विज्ञानाऐवजी गणिताकडे वळले असते. मुलं हसली, भांडली, प्रत्येकाने आपापली गल्ली नकाशात कोंबली. तुम्ही वर्गातून बाहेर पडताना तरंगत असणार. पण पुढे दोन पानं उलटली की डावीकडे घटक चाचणी आहे. (−३, २) आणि (४, −५) या दोन बिंदूंमधलं अंतर काढा. ४६ पैकी ११ जणांना आलं. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ४ वजा ३ बरोबर १ करून ठेवलं, सात त्यांतल्या कोणालाच दिसले नाहीत. मजा आली होती ती खरी. समजलं होतं हे तुम्ही त्याच दुपारी ठरवून टाकलंत. तपासलं नाहीत.

आता मी विज्ञानाची बाई, गणिताच्या सरांना गणित सांगायचं धाडस करतेय. तुम्ही पाठवलेल्या पानांवर सात डाव्या नोंदी आहेत. त्यातल्या दोन वेगळ्या आहेत, त्यांच्याकडे नंतर येते. उरलेल्या पाच एकाखाली एक मांडून बघा. अंतराचं सूत्र चुकलं. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना मधलं पद फोडता आलं नाही. अंकगणिती श्रेढीत २०, १७, १४ अशी श्रेढी दिली होती, दहावं पद −७ यायला हवं, वर्गातल्या निम्म्या मुलांनी ४७ आणलं. ("उतरती श्रेढी वर चढली तरी कोणाला काही वाटलं नाही," असं तुम्ही शेजारी लिहिलंय. मी आधी हसले, मग गप्प बसले.) रेषीय समीकरणांत एक समीकरण दुसऱ्यातून वजा करताना चिन्हं बदलायची राहिली. रेषेचा चढ काढताना पुन्हा तेच. वेगवेगळे पाठ, वेगवेगळे महिने, पाच वेळा तुम्ही स्वतःला दोष दिलात. सर, ही पाच अपयशं नाहीत. हे एकच आहे, आणि त्याचं नाव आहे उणे चिन्ह.

उलट तुमचं सगळ्यात चांगलं उजवं पान कोणतं? अर्थनियोजनाचं. मुलांना घरून बिलं आणायला सांगितलीत, केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी वेगळा काढायला लावलात, दुकानाचा १५ अंकाक्षरी नोंदणी क्रमांक शोधायला लावलात. महाराष्ट्राचे म्हणून सुरुवातीचे २७ बघून मुलं ओरडली. एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, या बिलावर नंबरच नाही, पण टॅक्स तर घेऊन राहिले. मग तो पैसा जातो कुठं?" सर, माझ्या ३३ वर्षांत इतका चोख प्रश्न मला चार-पाच वेळाच मिळाला असेल. तो पाठ का जमला? बिलं खरी होती म्हणून, हे आहेच. पण दुसरं कारण बघा. त्या पाठात उणे चिन्हाशी फारशी गाठच पडत नाही.

यंदा, २०२५ मध्ये, दहावी झालेली ही बॅच २०२०-२१ मध्ये सहावीत होती. आपल्याकडे पूर्णांक संख्या मुलांना पहिल्यांदा भेटतात त्या सहावीत, आणि त्यांचा गुणाकार-भागाकार सातवीत. म्हणजे शून्याच्या डावीकडेही संख्या असतात ही गोष्ट या मुलांना कळली ती कोरोनात, घरातल्या एकुलत्या एका मोबाईलवर. तोही वडील कामावर घेऊन गेले नसतील तर, आणि रिचार्ज संपला नसेल तर. तुमच्या मागच्या बॅचला तो पाठ निदान सहामाहीपूर्वी वर्गात बसून मिळाला होता. तीनाचे नऊ होण्यामागे एवढं एकच कारण आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तुमची पानं तिकडेच बोट दाखवतात.

याचा अर्थ हात झटकायचे असा मात्र नाही. नववी आणि दहावी, दोन वर्षं ही मुलं तुमच्याच समोर होती. ४६ मध्ये ९ हा आकडा लहान नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण हाताशी असूनही मुलं अडकली, म्हणजे ८० च्या लेखीत त्यांच्या हाती फारच थोडं लागलं. हे तुम्हाला ऑगस्टमध्ये कळायला हवं होतं. आणि कळलंही होतं.

७ ऑगस्टचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिसरा तास. फळ्यावर क्षवर्ग वजा चार क्ष वजा पाच बरोबर शून्य. तुम्ही मधलं पद फोडलंत, वजा पाच क्ष अधिक एक क्ष. हजेरी क्रमांक ३१ उठला. "सर, हे उणे पाच आणि अधिक एक कुठून आले, समजून नाही राहिलं." तुम्ही दोनदा सांगितलंत. तो तिसऱ्यांदा उभा राहिला. तुम्ही म्हणालात, "सहावीत जाऊन बस." वर्ग हसला. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही, असं तुम्हीच लिहिलंय, आणि खाली कंसात, लहान अक्षरात: "हा तोच, बिलवाला."

रागात जे बोललात ते निदान म्हणून अगदी बरोबर होतं. त्याला खरंच सहावीत जाऊन बसायची गरज होती, पाच-सहा तासांपुरती, तुम्हाला सोबत घेऊन. ४६ जणांपैकी तो एकटा तुम्हाला खरं सांगत होता. बाकीचे ४५ "हो सर" म्हणत होते, आणि त्यातल्या किमान आठ जणांना तेवढंच कळत नव्हतं. फरक इतकाच की ते गप्प बसले.

हे मी वरच्या ओसरीवर बसून सांगत नाहीये. नोकरीला अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. हिंदीच्या एक बाई ऑफ तासाला माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या, हातात एक कोरा कागद. मीच त्यांना बोलावलं होतं, आणि कौतुक ऐकायलाच बोलावलं होतं हे आता कबूल करते. तास संपल्यावर त्यांनी कागद पुढे केला. वर्गात ५४ मुली. ३५ मिनिटांत तोंड उघडलं सात जणींनी, त्यातल्या पाच पहिल्या दोन बाकांवरच्या. "समजलं का?" असं मी चौदा वेळा विचारलं होतं. आणि प्रत्येक वेळी, त्या म्हणाल्या, "मी मनात एक म्हणेपर्यंत तुम्ही पुढे गेलेल्या असायच्या." दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे वाचनात आलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, मुलं स्वतःहून बोलू लागतात, आणि जी एरवी बोलतच नाहीत तीही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गात उभं राहून गप्प बसून बघा, पाय थरथरतात.

"समजलं का?" हा प्रश्न मी त्यानंतर बंद केला. त्याचं उत्तर मुलांना पाठ असतं. त्याऐवजी तास संपायला पाच मिनिटं उरली की पाव कागदावर एकच छोटं उदाहरण. नाव नको असेल तर नको, हजेरी क्रमांक पुरे. गुण नाहीत, सही नाही. स्टाफरूममध्ये चहा घेताना कागदांचे तीन गठ्ठे करायचे: आलं, अडलं, वाटच चुकली. ४५ कागदांना मला सात-आठ मिनिटं लागायची, तुम्हाला गणितात त्याहूनही कमी लागतील. तिसऱ्या गठ्ठ्यातला एक चुकलेला कागद दुसऱ्या दिवशी नाव न सांगता फळ्यावर उतरवायचा आणि विचारायचं, "यात कुठंपर्यंत बरोबर आहे?" चूक कुठे आहे असं विचारू नका, कुठंपर्यंत बरोबर आहे असं विचारा. ज्याचा कागद आहे तो मान वर करून बघतो.

रोज करू नका, दमाल. निवडणुकीचं काम आलं, यूडायसची, म्हणजे सरकारी शाळा-नोंदणीची, माहिती भरायची आली, की आधी हेच सुटतं. आठवड्यातून दोनदा केलंत तरी चालेल. आणि उजव्या पानांना एक अट घाला: ज्या दिवशी पाठ रंगला त्या दिवशी तिथे काहीच लिहायचं नाही. तीन आठवड्यांनी त्याच पाठाचं एक उदाहरण अचानक द्यायचं, आणि किती जणांना आलं तो आकडा लिहायचा. झिरो माईलवाला पाठ पुढच्या वर्षीही तसाच घ्या, एक ओळही बदलू नका. फक्त त्याच नकाशावर अंबाझरीपासून इतवारीचं अंतर काढायला लावा, आरंभबिंदू ओलांडून. उणे चिन्ह तिथेच पायाखाली येईल.

आता त्या दोन वेगळ्या नोंदी. एकीत पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मुलांनी आकृती न काढता घडाघडा लिहिली, असं तुम्ही हळहळून लिहिलंय. ते सोडा हो. पाठांतर आपल्या सगळ्यांनीच केलंय, त्याने कोणी मेलं नाही.

दुसरी नोंद जड आहे. नववीतली मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही, आईचं आजारपण, घरी धाकटी दोन. तुम्ही एकदा घरी गेलात, दाराला कुलूप होतं, परत आलात. हे तुम्ही "माझं शिकवणं कमी पडलं" या खात्यात मांडलंय. तिथून ते काढा. तिने शाळा सोडली ती समरूप त्रिकोणांना कंटाळून नव्हे. पण एकदाच गेलात हे मात्र थोडं झालं. पुन्हा जा, शाळेतल्या एखाद्या बाईंना सोबत घेऊन, संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, तेव्हा घरी कोणीतरी असतंच. शाळेत परत येणं जमणार नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं, हे त्या घरात कदाचित कोणाला ठाऊकही नसेल. शाळा सुरू झाली की मंडळाच्या तारखांवर नजर ठेवा आणि फॉर्म तुम्ही स्वतः सोबत बसून भरून द्या.

क्लासचं म्हणाल तर पैशाची निकड असेल तर जा. चौदा वर्षांनंतरही चाळीस टक्क्यांवर असलेल्या माणसाला मी त्यागाच्या गोष्टी सांगणार नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवरून तुमचेच लोक मोर्चा घेऊन निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवले जातात, हे बघत मी म्हातारी झाले. घरी हिशेब मांडा, बायकोशी बोला, ठरवा. पण डाव्या पानांपासून सुटका म्हणून जात असाल तर एक ऐकून ठेवा. क्लासमध्ये ज्याला समजत नाही तो तिसऱ्यांदा उभा राहत नाही. तो पुढच्या महिन्यापासून यायचा बंद होतो. वही कोरी राहील खरी.

शाळेत राहिलात तर या वर्षीचा पहिला आठवडा पाठ्यपुस्तक उघडू नका. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर अभ्यासक्रम मागे पडल्याची बोंब होईल. नवी दहावी कोरोनाच्या त्या सालात पाचवीत होती, तिच्या खाचा वेगळ्या ठिकाणी निघतील, बहुधा अपूर्णांकांत. अंदाज करत बसू नका, पाव कागद वाटा.

आणि सगळ्यात आधी, शाळा उघडायची वाट न बघता, क्रमांक ३१. मुंबई-पुण्याकडच्या शाळा आधी सुरू होतात, आपल्याला उन्हामुळे जूनचा चौथा आठवडा उजाडतो, म्हणजे तुमच्या हातात अजून रिकामे दिवस आहेत. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुरवणी परीक्षाही सुरू होते. त्याचा फॉर्म भरून घेतलात, "पण त्यापलीकडे बोलणं झालं नाही," असं तुम्ही लिहिलंय. एकाच विषयात गेलाय, एटीकेटीवर अकरावी मिळते, हे त्याच्या वडिलांना कोणी सांगितलंय का? भाजीची गाडी लावणाऱ्या माणसाला "नापास" एवढाच शब्द ऐकू येतो आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगं गाडीवर दिसतं.

त्याला बोलवा. माफी मागा. "मी तुला वर्गात सहावीत बस म्हणालो, ते माझं चुकलं," एवढं पुरे, लांबण नको. वर्गासमोर बोलला होतात, म्हणून त्याचे एक-दोन दोस्तही सोबत येऊ द्या. बाकीच्या आठ जणांनाही निरोप पाठवा, येतील ते येतील. मग बीजगणिताचं पुस्तक बंद ठेवून उधारीच्या वहीपासून सुरू करा. गाडीवर पाच रुपयांची उधारी झाली, गिऱ्हाइकाने एक दिला, आता किती? चार बाकी. म्हणजे वजा पाच अधिक एक, वजा चार. हे त्याला झोपेतही येत असणार. उधारीला आपण उणे म्हणतो, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गुणाकाराला एक दिवस जास्त लागेल, वजा गुणिले वजा अधिक का, हे उधारीतून पटवायला मलाही जरा वेळ लागला होता. एक वाट सांगते: तीन जणांची पाच-पाचची उधारी वहीतून खोडून टाकली, तर त्या वहीच्या हिशेबात काय झालं, असं त्यालाच विचारा आणि तीन सेकंद थांबा.

त्यानंतर अर्थनियोजन, सांख्यिकी, संभाव्यता घ्या, तिथे तो धावेल. वर्गसमीकरणं शेवटी. भूमितीत रचना घ्या, हात चांगला असेल तर तिथे गुण मिळतात.

फक्त सकाळी बोलावू नका. तुम्हीच लिहिलंय, पहाटे तो वडिलांसोबत कळमन्याच्या बाजारात माल आणायला जातो आणि दहापर्यंत गाडीवर असतो. दुपारी दोननंतर बोलवा, आणि कूलर असलेली खोली बघा.